पोचल्याचा फोन करणार नाही

तीन गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचं मन भलतीकडे जायला नको. माझा नवरा धडधाकट आहे. आमचं भांडण झालेलं नाही. माझं डोकंही ठिकाणावर आहे. तरीसुद्धा या सप्टेंबरात मी शिकागोला गेले ती एकटी, राहिले ती एकटी, आणि ज्यांना हे पटलं नव्हतं त्यांना ते अजूनही पटलेलं नाही.

मी कोल्हापूरची. मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. आयुष्यभर गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभी राहिले, त्यामुळे पाय अजून शाबूत आहेत आणि आवाजाचं तर विचारूच नका. मुलगा निखिल आणि सून केतकी ओहायो राज्यातल्या डब्लिन गावात असतात. दोघंही कॉम्प्युटरवाले. मे महिन्यात आम्ही नवराबायको सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो.

आईवडील अमेरिकेला जाऊन काय करतात, ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ते गाडीच्या मागच्या सीटवर बसतात. मुलगा गाडी थांबवून "उतरा" म्हणतो, मग ते उतरतात, धबधब्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतात आणि परत बसतात. मधे डब्यातले ठेपले खातात. मी धबधबा पाहिला, राजधानी पाहिली, पण सगळ्यात जास्त वेळ मी पुढच्या सीटची पाठ पाहिली. तीन महिने काढले तसे. मग एक दिवस जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "मी शिकागोला जाणार. बसनं. एकटी."

"आई, लाँग वीकेंडला आपण सगळेच ड्राइव्ह करून जाऊ ना," निखिल म्हणाला.

"तुम्ही जा की. मी त्याच्या आधी जाऊन येते."

"आणि बाबा?"

"त्यांना विचार."

आमचे हे सोफ्यावर होते. गुडघे दुखतात असं ते सांगतात. मला विचाराल तर गुडघ्यांचं दुखणं वगैरे काही नाही, गुडघ्यांना सोफा आवडतो. "मला यात ओढू नका," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्याच आठवड्यात एकांच्या घरी सत्यनारायण होता. प्रसाद हातात पडायच्या आत बातमी सगळ्या बायकांत पोचली होती. एकीनं मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "काही झालंय का हो घरात?" मी म्हटलं, "हो, कंटाळा झालाय." तिला ते उत्तर पुरलं नाही, पण माझ्याकडे दुसरं नव्हतं.

शेवटी तह झाला. फोनवर लोकेशन चालू ठेवायचं, म्हणजे मी कुठे आहे ते निखिलला त्याच्या फोनवर नकाशातल्या ठिपक्यानं दिसत राहील. बसमधून उतरले की पोचल्याचा फोन करायचा. खोलीवर गेले की पोचल्याचा फोन. कुठे बाहेर पडले की पोचल्याचा, परत आले की परत आल्याचा. आणि उतरायचं कुठे, तर आगाशे काका-काकूंकडे. हे केतकीच्या माहेरच्या नात्यातले. काका डॉक्टर, आता निवृत्त. निखिलचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून ते अमेरिकेत आहेत. शिकागोच्या बाहेर नेपरव्हिल नावाच्या उपनगरात त्यांचं मोठं घर आहे.

"आपली माणसं असताना हॉस्टेलवर कशाला राहायचं?" निखिल म्हणाला. "त्यांना काय वाटेल?"

"त्यांचं घर शहरापासून तासाभरावर आहे. मी शहर बघायला चाललोय, त्यांची गेस्टरूम नाही." मी चिडले की आमच्याकडच्या बायकांसारखी 'चाललोय' म्हणते, आणि तसं म्हटलं की घरात पुढे कुणी बोलत नाही. "आणि पोचल्याची पावती पार्सलची देतात निखिल, माणसाची नाही."

तरी लोकेशन चालू ठेवायचं मी कबूल केलं. फोन करायचंही कबूल केलं. केतकीनं चार दिवस पुरतील एवढ्या दशम्या, चटणी आणि मेतकूट बांधून दिलं, कारण बाहेरचं बाधेल.

वरचा पलंग

बसचा प्रवास सांगण्यासारखा नाही. इंडियाना राज्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर मका असतो. आमच्याकडे ऊस असतो तसा, फक्त मधे माणूस दिसत नाही.

हॉस्टेल शहराच्या ऐन मध्यात, जुन्या विटांच्या इमारतीत. उंच लोखंडी खांबांवरून धावणारी शहरातली गाडी तिथून हाकेच्या अंतरावर. बायकांची खोली आठ जणींची आणि पलंग एकावर एक. काउंटरवरच्या पोरीनं माझे पांढरे केस पाहिले, कॉम्प्युटर पाहिला आणि तिचा चेहरा पडला. मला वरचा पलंग आला होता. "मी बदलून देते," ती म्हणाली. मी म्हटलं, "काही नको." शिडी चढून वर जाऊन बसले. डोकं छताला लागलं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

खालच्या पलंगावर लोरेन होती. डेट्रॉइटची निवृत्त नर्स, माझ्याच वयाची, काळी, भरदार, हातात भरपूर अंगठ्या. ती दरवर्षी वाढदिवसाला नवऱ्याला आणि मुलींना घरी ठेवून इथे एकटी येते आणि याच हॉस्टेलात राहते. त्या खोलीत, त्या शहरात, किंबहुना अख्ख्या देशात "तुमच्याबरोबर कोण आहे?" असं न विचारणारी मला भेटलेली ती पहिली व्यक्ती.

"निघताना घरच्यांना काय सांगतेस?" मी विचारलं.

"बाय," ती म्हणाली.

मी तिला दोन दशम्या दिल्या. तिनं मला दक्षिण शिकागोतल्या एका तळलेल्या कोंबडीच्या दुकानाचा पत्ता दिला. हा सौदा माझ्या फायद्याचा झाला हे दुसऱ्या दिवशी कळलं.

राहण्याच्या जागेबद्दल माझं मत विचाराल, तर मी पुन्हा गेले तरी तिथेच राहीन, आणि वरचाच पलंग मागेन. तिथलं स्वयंपाकघर मोठं आहे. सकाळी तिथे जगातल्या सगळ्या देशांतली पोरं आपापली न्याहारी करपवत असतात. मी दशमीवर मेतकूट लावून खात होते, तर एक कोरियन मुलगी वास घेत घेत आली आणि चिमूटभर चाखून तिनं तिच्या भातावर मेतकूट घालून घेतलं. आपल्याकडे मऊ भाताशी खातात हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

ठिपका पाण्यात

पहिल्या संध्याकाळी तळ्यावर गेले. शिकागोचं तळं पाहिल्यावर सगळे म्हणतात, अगदी समुद्र वाटतो. मी रंकाळ्याच्या गावची. मला समुद्र वाटला नाही, तळंच वाटलं, फक्त पलीकडचा काठ ठेवायला विसरलेलं. समुद्राला वास असतो. याला नाही. काठावर दगडी पायऱ्या आहेत, लोक धावतात, सायकली चालवतात, पण एकही भेळवाला नाही. एवढं मोठं पाणी आणि काठावर भेळ नाही, म्हणजे या शहरानं काय कमावलं?

पाण्यात शिरलेल्या एका धक्क्याच्या टोकाला जाऊन बसले. पाठीमागे सगळ्या उंच इमारतींवर उतरतं ऊन पडलं होतं. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या आजूबाजूला मला ओळखणारं कुणी नव्हतं. फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मला थोडी लाजच वाटली, आणि मग लाज वाटल्याचा राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. निखिल.

"आई, तू कुठे आहेस? तुझा डॉट लेकमध्ये दाखवतोय!"

"धक्क्यावर बसलेय."

"एकदम एजला आहेस. प्लीज मागे ये ना. अजून मागे. हां, आता जरा मूव्ह झाला."

डब्लिनमधल्या सोफ्यावर बसून माझा मुलगा मला शिकागोत दोन पावलं मागे सरकवत होता आणि मी सरकत होते. ज्या बाईनं हजारो पोरींना "मागे फिर" करायला लावलं ती मी. मी पुन्हा टोकाला गेले, बसले आणि लोकेशन बंद केलं. कसं बंद करायचं ते केतकीनंच एकदा दाखवलं होतं. तिच्या मनात काय होतं ते तिला ठाऊक.

बूट

आता माझी फजिती सांगते, कारण ती लपवली तर पुढचं कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघाले, तर बूट नाहीत. रात्री मी ते खोलीच्या दाराबाहेर, भिंतीला लावून, नीट जोडीनं ठेवले होते. बूट आणखी कुठे ठेवतात? आठ जणी झोपतात त्या खोलीत बूट घालून जायचं ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी पायमोज्यांवर खाली गेले. काउंटरवरच्या पोरीनं सांगितलं, बोळात काही ठेवलेलं चालत नाही. आग लागली तर वाट मोकळी हवी. सफाईवाल्यांना टाकून दिलेले वाटले असतील, कपाटात बघते.

ती कपाटाची किल्ली शोधत असताना आमच्या ह्यांचा फोन आला. मला हसू येत होतं म्हणून मी त्यांना सांगून टाकलं की बूट गेले आणि मी पायमोज्यांवर उभी आहे. ही चूक. यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. बूट कपाटातून निघाले, मी ते घातले, पण तोवर डब्लिनमध्ये गोष्टीला पाय फुटले होते. आईला लुटलं, आई रस्त्यावर अनवाणी फिरतेय आणि आईचं लोकेशनही बंद आहे.

निखिलचा फोन आला तो तापलेलाच. "धिस इज नॉट फनी, आई. मी आगाशे काकांना सांगितलंय, उद्या सकाळी ते तुला घ्यायला येतील. राहिलेले दिवस त्यांच्याकडे राहा. नाहीतर मी सुट्टी घेऊन ड्राइव्ह करून येतो आणि तुला घेऊन जातो."

"ये. पण मी बसनंच परत येणार."

"तू असं का करतेस?" यावेळी त्याचा आवाज चढला नव्हता, उतरला होता.

मला त्याचं वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून बॅग भरायची, हे मी आयुष्यात पुष्कळदा केलेलं आहे. सहली रद्द केल्या, स्पर्धांना संघ दुसरीबरोबर पाठवला, माहेरी निघालेली एसटीच्या स्टँडवरून परत आले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. प्रत्येक वेळी कुणाला तरी फक्त काळजी वाटत होती. मी म्हटलं, "निखिल, मला उशीर होतोय," आणि फोन ठेवला.

उशीर कसला? कोंबडी खायची होती. दक्षिणेकडच्या त्या वस्तीत जुनी सुरेख दगडी घरं आहेत, ओट्यांवर लोक बसलेले असतात आणि जाणाऱ्याला नमस्कार करतात. अमेरिकेत ओट्यावर बसलेली माणसं मी तिथे पहिल्यांदा पाहिली. दुकानात जाड काचेमागून पुडा देतात. तळाशी साध्या पांढऱ्या पावाचा तुकडा, त्यावर बटाट्याचे काप, त्यावर कोंबडी, आणि सगळ्यावर तांबडं आंबटगोड पाणी. मी तिखट मागितलं. "तिखट म्हणजे खरंच तिखट आहे," पलीकडची बाई म्हणाली. मी कोल्हापूरचं नाव सांगितलं, तिला अर्थातच काही कळलं नाही. पण खरं सांगते, तळाचा तो भिजलेला पाव खाताना मला मिसळीच्या शेवटी वाटीत उरलेल्या पावाची आठवण आली आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखटानंही आलं असेल.

घ्यायला आलेली माणसं

तिसऱ्या दिवशी सकाळी लॉबीत उतरले तर काचेबाहेर एक मोठी चंदेरी गाडी दिवे लुकलुकवत रस्त्यातच उभी होती. स्टिअरिंगवर टोपी घातलेले आगाशे काका. आणि माझ्यासमोर कुमुदताई आगाशे. पंचाहत्तरीच्या, गोऱ्या, बारीक चणीच्या, पँटवर खादीचा कुडता आणि हातात पिशवी. पिशवीतून भरल्या वांग्यांचा वास येत होता.

"चला," त्या म्हणाल्या, "गेस्टरूम रेडी आहे. इथे पार्किंग नाही, यांना फार वेळ थांबता येणार नाही."

"मी येणार नाही, ताई. तुम्ही आलात, बरं वाटलं. चहा घेऊन जा."

"अहो, असं काय करता? निखिल किती वरी करतोय."

"करू दे."

बाहेर भोंगा वाजला. कुमुदताईंनी काचेतून गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला मोकळ्या हातानं परत पाठवू नका हो. हे चिडतील."

"मग परत जाऊच नका," मी म्हटलं. "मी आज त्या खांबांवरच्या गाडीनं पिल्सनला चाललेय. मेक्सिकन लोकांची वस्ती आहे. यायचं तर चला."

हे मी निव्वळ तोंडाच्या जोरावर बोलले होते. कुमुदताई बाहेर गेल्या, खिडकीशी वाकून काकांशी बोलल्या. गाडी निघून गेली आणि त्या पिशवीसकट परत आत आल्या.

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, बाई हट्टी आहेत, समजवायला संध्याकाळ होईल."

पिल्सन

स्टेशनचा जिना चढताना मला कळलं की कुमुदताई शहरातल्या या गाडीत कधीच बसलेल्या नाहीत. एवढी वर्षं इथे काढली, दोन मुलं वाढवली, बँकेत नोकरी केली, बर्फात गाडी चालवली. पण ती नेपरव्हिलमध्ये. शहरात यायचं ते काकांनी गाडी काढली तर, आणि तेही विमानतळावर, नाटकाला, नाहीतर डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानांतून वाणसामान आणायला.

"मला हे शहर पार्किंगवरून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "जिथे पार्किंग मिळत नाही तिथे आम्ही गेलोच नाही."

गाडी इमारतींच्या मधून, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, लोकांच्या खिडक्या चाटत जाते. कुमुदताईंनी दोन्ही हातांनी दांडा धरला होता. पहिल्या वळणावर त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या वळणावर त्या खिडकीला नाक लावून एका कचेरीतल्या माणसाच्या टेबलावर काय आहे ते मला सांगत होत्या. मी त्यांना लोकेशनची, धक्क्याची आणि पार्सलच्या पावतीची गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "यांचं पण तसंच आहे. प्रेमानंच करतात, यू नो. म्हणून तर भांडता येत नाही."

पिल्सनला उतरलं की स्टेशनच्या जिन्यापासूनच भिंती रंगवलेल्या. रस्त्याकडेच्या भिंतींवर माणसांपेक्षा मोठे चेहरे, मक्याची कणसं, देवीची चित्रं, कुठे मोर्चा. बेकऱ्यांतून गोड पावाचा वास. बायका पिशव्या घेऊन रस्त्यातच थांबून बोलतात, आणि बाजूनं जाणाऱ्यालाच वळसा घालावा लागतो. डब्लिनमध्ये महिनोन्‌महिने मी पायी चालणारं माणूस शोधत होते. ती सगळी इथे होती. शिकागोतली माझी आवडती वस्ती हीच, आणि डेव्हनला न गेल्याबद्दल मला कुणी काही विचारू नये. पोहे मला घरी मिळतात.

कोपऱ्यावर एक बाई मोठ्या डब्यातून तमाले विकत होती. मक्याच्या पिठाचा उंडा मक्याच्याच सालीत गुंडाळून वाफवतात, हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफवतात तसा. सोबत पेल्यात मक्याची गरम गोड पेज. मी हिरव्या मिरचीतला कोंबडीचा तमाले घेतला. कुमुदताई शाकाहारी. चीज-मिरचीचा मिळेल का म्हणून विचारलं, तर मागे उभ्या असलेल्या मुलीनं इंग्रजीत सांगितलं की पीठ डुकराच्या चरबीत मळलेलं असतं. कुमुदताईंचा चेहरा उतरला. पण शेजारी मक्याच्या दाण्यांची गाडी होती. पेलाभर उकडलेले दाणे, वर लिंबू, तिखट, चीज आणि पांढरं लोण्यासारखं काहीतरी.

"उभ्यानं खायचं?" कुमुदताईंनी विचारलं.

"मग काय पाट मांडू?"

त्या पदपथावर उभ्या राहून चमच्यानं दाणे खाऊ लागल्या. तिखट बोटांना लागलं, कुडत्यावर सांडलं. इतक्यात काकांचा फोन वाजायला लागला. त्यांनी हात वर करून मला दाखवले. दोन्ही बरबटलेले. फोन वाजून वाजून थांबला, आणि कुमुदताईंनी आणखी एक पेला मागितला.

भरली वांगी आम्ही एका बागेत बाकावर बसून खाल्ली. बरोबर मक्याच्या ताज्या पोळ्या, दुकानातून गरम कागदात बांधून आणलेल्या. आजवर मी पुष्कळ ठिकाणी भरलं वांगं खाल्लं आहे, पण असं नाही.

संध्याकाळी काका घ्यायला येतो म्हणाले तेव्हा कुमुदताई म्हणाल्या, "नको. ट्रेननं येते." पलीकडून बरंच काही बोललं जात होतं. त्या "हो, हो" म्हणत राहिल्या आणि फोन बंद केला. मोठ्या स्टेशनापर्यंत मी त्यांना सोडायला गेले. उंच छताचा प्रचंड दिवाणखाना आणि लांबच लांब लाकडी बाकं. मी त्यांना डब्यात बसवून देणार होते, पण त्यांनी मला दिवाणखान्याच्या दारातच थांबवलं. "इथून मी जाते."

"बरं," मी म्हटलं. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून माझ्या नकळत निघालं. "पोचलात की फोन करा."

फोन आला नाही

तासाभराचा तर प्रवास. मी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसले. तास झाला. आणखी अर्धा झाला. गाडी चुकली असेल, असं म्हणून मी भांडी घासली. नंतर वाटलं, भलत्याच गाडीत बसल्या असतील. मग पंचाहत्तरी, मग रक्तदाब, मग स्टेशनचा निसरडा जिना. फोन लावला तर उचलला नाही. मनात येईल ते सगळं माझ्या मनात आलं.

लोरेन चहा घेऊन समोर बसली. "ती तुला फोन करणार होती का?"

"कबूल नव्हती झाली. पण करायचा असतो."

"का?"

मी तिच्याकडे रागानं पाहिलं. आगाशेंच्या घरी फोन लावला. काकांनी घेतला. "आली की! जेवली आणि झोपलीपण," म्हणाले. "पण तुम्हाला समजवायला गेली होती ना? तुम्ही कुठे आहात?"

सकाळी कुमुदताईंचा फोन आला.

"काल फोन का नाही केलात? जीव टांगणीला लागला होता माझा," मी ओरडले. स्वयंपाकघरातली पोरं वळून बघायला लागली.

"पोचल्याची पावती पार्सलची देतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि लगेच पोचलेच नव्हते. एक गाडी मुद्दाम सोडली. बाकावर बसून कॉफी प्यायले."

"एकट्या?"

हा प्रश्न मी विचारला. मीच. पलीकडे कुमुदताई हसत राहिल्या आणि मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

तो शेवटचा दिवस मी हम्बोल्ट पार्क भागात काढला. तिथे पावाऐवजी कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले काप लावून सँडविच करतात, वर लसणाचं तेल. ते दोन खाल्ले. चालता चालता निखिलचा विचार येत होता. काल त्या टेबलाशी बसून मला जे झालं ते त्याला चार दिवस होत होतं, हे मला आता कळलं होतं. काळजी खोटी नसते. खरीच असते. पण कळलं म्हणून काय झालं? काळजी वाटणारच, ती ज्याची त्यानं करावी. तिच्यापायी मी घरात बसणार नाही. लोकेशन मी बंदच ठेवलं.

बस डब्लिनशेजारच्या कोलंबस शहरात पोचली तेव्हा निखिल आधीपासून येऊन उभा होता. मला पाहून त्यानं आधी माझ्या पायांकडे पाहिलं. बूट होते. मग त्यानं मला मिठी मारली, जरा जास्तच वेळ. "भूक लागलीय?" त्यानं विचारलं. "नाही," मी म्हटलं आणि गाडीत पुढच्या सीटवर बसले. केतकीनं बांधलेल्या दशम्यांचा डबा रिकामा होता. त्यातली एकही मी एकटीनं खाल्लेली नव्हती.

आठवड्यानं एका दुपारी आगाशे काकांचा फोन आला. आवाज काळजीचा होता. "कुमुद सकाळी ट्रेननं सिटीत गेलीय. कुठे जातेय ते सांगितलं नाही. मी केव्हापासून फोन लावतोय, उचलतच नाही. तुम्हाला काही बोलली का?"

"नाही," मी म्हटलं. "पण घाबरू नका, काका. मका खात असतील. हात भरलेले असतील."